मागचे स्पीकर नेमके कुठे? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या वेळी घरच्या थिएटरच्या समोरच्या तीन स्पीकरबद्दल लिहिलं आणि शेवटी सहज म्हटलं की सराउंडबद्दल, म्हणजे आजूबाजूचा आवाज देणाऱ्या स्पीकरबद्दल, काही अडलं असेल तर विचारा, तर प्रश्नांचा ढीगच आला. त्यातले निम्मे तरी "कोणता घेऊ" असं विचारणारे आणि उरलेले "घेतला, लावला, पण मजा येत नाही" असं म्हणणारे. मला विचाराल तर दुसऱ्या गटाचे प्रश्न जास्त महत्त्वाचे, कारण सराउंडच्या बाबतीत साधा स्पीकर नीट जागी लावलेला, भारी स्पीकर भलत्या जागी लावलेल्याला आरामात मागे टाकतो. प्रश्न थोडे छोटे केलेत, राग नसावा.

प्रश्न: आमच्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे, पुढे ओढायला जागा फार नाही. सराउंड मागे लावायचे असतात असं वाचलं म्हणून मी दोन्ही मागच्या कोपऱ्यांत छताला लागून लावून टाकले. आता पाऊस असो की गर्दी, सगळा आवाज मानगुटीवर बसल्यासारखा वाटतो. काय चुकलं?

उत्तर: चूक तुमची नाही हो, "मागचे स्पीकर" या नावाची आहे. आपण सगळेच तसं म्हणतो (या लेखाच्या मथळ्यात मीही तेच केलंय), पण ५.१ मधले (म्हणजे समोर तीन, सराउंड दोन आणि बाससाठी एक सबवूफर) सराउंड मुळात बाजूचे स्पीकर आहेत. तुम्ही पडद्याकडे तोंड करून बसलात की समोरचा सेंटर म्हणजे शून्य डिग्री, थेट कानाच्या रेषेत म्हणजे ९० डिग्री. डॉल्बी (सराउंडचं तंत्र बनवणारी कंपनी) सांगतं सराउंड ९० ते ११० च्या मधे ठेवा, आयटीयूचं (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं) जे स्टुडिओवाल्यांचं जुनं मानक आहे ते सांगतं १०० ते १२०. म्हणजे दोघांचं मिळून कानाच्या बाजूला आणि जरासं मागे, एवढंच. पाठीमागे असं कुणीच म्हणत नाहीये.

आता डिग्री मोजायला कंपास नको, टेप पुरे. तुमच्या नेहमीच्या जागेवर बसा, बाजूची भिंत कानापासून किती लांब आहे ते मोजा. समजा २ मीटर आली, तर ११० डिग्रीसाठी त्या भिंतीवर कानाच्या रेषेपासून साधारण ७३ सेंटीमीटर मागे खूण करायची. भिंत दीड मीटरवर असेल तर ५५ सेंटीमीटर मागे. तुमचा सोफा भिंतीला टेकलाय म्हणजे डोक्यामागे फार तर ३०-३५ सेंटीमीटर जागा असणार, म्हणजे अगदी कोपऱ्यातही तुम्ही जेमतेम १०० डिग्रीपर्यंत पोचता, आणि तेवढं चालतंय! कोपरा मात्र सोडा, कोपऱ्यात दोन भिंती आणि छत मिळून आवाजाला भोंगा लावल्यासारखं होतं, खालचे सूर फुगतात. बाजूच्या भिंतीवर, कानाच्या रेषेत किंवा वीतभर मागे, छतापासून बरेच खाली आणा. तोंड पलीकडच्या बाजूच्या भिंतीकडे, म्हणजे एकमेकांकडे बघत असावेत, तुमच्या कानात थेट रोखलेले नकोत.

आणि सोफा एक वीत जरी पुढे ओढता आला तरी ओढाच, डोकं भिंतीला चिकटलेलं असलं की बास घुमतो आणि मग माणूस उगाच सबवूफरला शिव्या देतो.

प्रश्न: एक जण म्हणतो सराउंड कानाच्या उंचीवर, दुसरा म्हणतो कानापेक्षा दोन फूट वर. दोघंही ठामपणे सांगतात. कुणाचं ऐकू?

उत्तर: दोघांचंही बरोबर आहे, फक्त दोघं वेगवेगळ्या काळातलं बोलतायत. साध्या ५.१ किंवा ७.१ (त्यात मागे आणखी दोन) साठी सल्ला असायचा की कानापेक्षा ६० ते ९० सेंटीमीटर वर लावा, कारण तेव्हा वरून येणारा वेगळा आवाज असा प्रकार फारसा नव्हता, सराउंडलाच आजूबाजूचं सगळं वातावरण उभं करायचं होतं, आणि थोडं वर लावलं की शेजारी बसलेल्याचं डोकं मधे येत नाही. मग २०१२ मध्ये ॲटमॉस (डॉल्बीचं, डोक्यावरूनही आवाज आणणारं तंत्र) थिएटरात आलं, २०१४ मध्ये घरात आलं, आणि छतावरचे स्पीकर वेगळे झाले. आता जर सराउंडही वर आणि छतातलेही वर, तर हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की बाजूने गेलं हे कानाला कळणार कसं? म्हणून ॲटमॉस असेल तर सराउंड कानाच्या आसपास आणा, थोडे वर चालतील.

छतात काही लावायचा विचारच नसेल तर बिनधास्त दोन फूट वर ठेवा, मी स्वतः तेच केलं असतं.

प्रश्न: घरात सिनेमाचं वेड मला आहे, ह्यांना नाही. एल आकाराचा सोफा आहे आणि ह्यांची बसायची जागा नेमकी डाव्या सराउंडच्या शेजारी, जेमतेम दोन फुटांवर. दर वेळी "कानात ओरडतोय" म्हणून रिमोट हिसकावतात आणि आवाज कमी करतात. स्पीकर हलवू की नवरा?

उत्तर: ताई, स्पीकर हलवा, तो जास्त हलका असतो.

पण तक्रार खरी आहे त्यांची. हिशोब बघा. आवाजाचं अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते (हे मोकळ्या जागेत, खोलीत भिंतींमुळे थोडं कमी उतरतं). समजा तो स्पीकर कानाच्याच उंचीवर आहे, ह्यांच्यापासून ६० सेंटीमीटरवर आणि तुमच्यापासून ३ मीटरवर. अंतराचं प्रमाण झालं १ ला ५, म्हणजे त्यांना तुमच्यापेक्षा १४ डेसिबल जास्त ऐकू येतंय. तुम्हाला कुजबूज, त्यांना भोंगा! आता तोच स्पीकर त्याच जागी फक्त ९० सेंटीमीटर वर चढवा. तिरकं अंतर मोजलं तर त्यांना ते जवळपास १ मीटर ८ सेंटीमीटर पडतं आणि तुम्हाला ३ मीटर १३, प्रमाण ३ च्याही खाली आलं, फरक साधारण ९ डेसिबल. भिंतीत दोन भोकं पाडून ५ डेसिबल मिळाले, शिवाय स्पीकरचं तोंड तुमच्याकडे म्हणजे त्यांच्या डोक्यावरून जाईल असं वळवलं की ट्वीटरचा (उंच सुरांच्या छोट्या स्पीकरचा) तिखट भाग त्यांना अजून कमी लागेल.

एवढं करूनही कुरकूर राहिली तर बायपोल स्पीकरचा विचार करा, ज्यात दोन बाजूंना दोन तोंडं असतात आणि आवाज पसरून येतो, अगदी जवळ बसणाऱ्यासाठी तो प्रकार खरंच सुसह्य असतो. रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर ज्याला जोडतो त्या ॲम्प्लिफायरमध्ये) डाव्या सराउंडचा आवाज कमी करून ठेवणं हा मात्र उपाय नाही, तेवढ्याने तुमची बाजू मुकी होईल आणि त्यांचं समाधान तरीही होणार नाही.

प्रश्न: मामाने त्याचे जुने डायपोल सराउंड मला दिलेत, एकदम मस्त कंडिशनमध्ये. मित्र म्हणतात डायपोल आता आउटडेटेड, विकून टाक. दादा, ठेवू का?

उत्तर: ठेव की रे, मामाने दिलेत! पण ते असे का बनवले ते आधी समजून घे म्हणजे कुठे लावायचे तेही कळेल.

१९८७ मध्ये डॉल्बी प्रो लॉजिक आलं तेव्हा सराउंडचा चॅनल एकच असायचा, डावा-उजवा वेगळा नाही, आणि तोसुद्धा ७ किलोहर्ट्झला कापलेला, वरची सगळी चमक गेलेली. असा एकच अर्धवट आवाज दोन साध्या स्पीकरमधून सोडला की कान लगेच बोट दाखवतो, "तो बघ तिथून येतोय". थिएटरात भिंतीभर स्पीकरांची रांग असते म्हणून ते कळत नाही, घरात दोनच. मग युक्ती काढली की डब्याच्या दोन बाजूंना ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) लावायचे आणि एक बाजू उलट्या फेजमध्ये चालवायची (एक हवा बाहेर ढकलते तेव्हा दुसरी आत ओढते), म्हणजे मधल्या दिशेला, जिथे तुझा कान आहे, तिथे दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि तुला मिळतो तो फक्त भिंतींवरून आपटून आलेला आवाज. कुठून येतोय ते सांगता येत नाही, नुसतं खोलीभर भरून राहिल्यासारखं वाटतं. त्या काळाला ते चोख उत्तर होतं.

नंतर डीव्हीडीसोबत डॉल्बी डिजिटल घराघरांत पोचलं, दोन वेगळे सराउंड चॅनल, पूर्ण आवाजाचे. आता साउंड मिक्स करणारा मुद्दाम सांगतो की दार उजवीकडे मागे आपटलं, आणि तुझा डायपोल ते दार पसरून अख्ख्या भिंतीचं करून टाकतो. ॲटमॉसमध्ये तर आवाज एका बिंदूवर ठेवणं हाच खेळ आहे, तिथे साधे समोर तोंड असलेले स्पीकरच हवेत.

तर, तुझी सिस्टिम ५.१ असेल आणि जुने सिनेमे जास्त बघत असशील तर लाव. पण डायपोल बरोबर ९० डिग्रीवरच लागतो, तो आवाजाचा खड्डा तुझ्या कानावर यायला हवा, मागे सरकवलास तर सगळा मुद्दाच गेला. आणि डाव्या-उजव्याची अदलाबदल करू नकोस, बऱ्याच डायपोलवर मागे तसं लिहिलेलं असतं. काहींवर डायपोल-बायपोल असा स्विच पण असतो, असला तर दोन्ही ऐकून बघ.

प्रश्न: सराउंड लावून महिना झाला, पण मागून आवाज येतच नाही म्हटलं तरी चालेल. टेस्ट टोन लावला की दोन्ही स्पीकर बोलतात. पैसे पाण्यात गेले का?

उत्तर: नाही गेले. हा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांनी विचारलाय म्हणून जरा सावकाश सांगतो.

टेस्ट टोन येतोय म्हणजे वायर, स्पीकर, रिसीव्हर ठीक आहेत. मग बघायचं ते हे की रिसीव्हरपर्यंत ५.१ पोचतंय का. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर किंवा इन्फो बटणावर आत येणारा सिग्नल दिसतो. तिथे ५.१ चं डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस (दोन्ही सराउंडचा आवाज पाठवायचे प्रकार) दिसत असेल तर उत्तम, पण "पीसीएम २ चॅनल" (म्हणजे साधा स्टीरिओ) असं काही दिसलं तर चोर सापडला. टीव्ही स्वतःच आवाज स्टीरिओ करून पाठवतोय. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर असेल ते ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पास-थ्रू करा, नाव प्रत्येक टीव्हीत वेगळं असतं. मग ज्या ॲपवर बघताय तिथे त्या सिनेमाचा ऑडिओ ट्रॅक ५.१ निवडलाय का तेही बघा, बरेचदा एकाच सिनेमाच्या एका भाषेत ५.१ असतं आणि दुसऱ्या भाषेत फक्त स्टीरिओ.

केबलचाही हात असू शकतो. ऑप्टिकल केबलमधून साधं डॉल्बी डिजिटल आणि डीटीएसचं ५.१ जातं, त्यापुढचं काही नाही. एचडीएमआयच्या एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) मधून डॉल्बी डिजिटल प्लससुद्धा जातं, म्हणजे स्ट्रीमिंगचं ॲटमॉस पण. डिस्कवरचं काहीही न गाळलेलं सगळं टीव्हीमार्फत न्यायचं असेल तरच ई-एआरसी (त्याच सोयीची पुढची आवृत्ती) लागतं, नाहीतर प्लेअर थेट रिसीव्हरला जोडा आणि विषय संपवा.

आता समजा सिग्नल ५.१ आहे, सगळं बरोबर आहे, तरी मागून काही नाही. तर मग दोन माणसं खोलीत बसून बोलतायत असा सीन लावून बघताय का? त्या वेळी सराउंड गप्पच असतात, असायलाच हवेत. फार तर पंख्याची घरघर, खिडकीबाहेरची गाडी, गाण्याच्या वाद्यांचा रेंगाळणारा नाद. एक प्रयोग करा: पावसाचा किंवा गर्दीचा सीन लावा, पाच मिनिटं नीट बघा, मग कुणाला तरी सराउंडच्या वायरी रिसीव्हरमधून काढायला सांगा (रिसीव्हर बंद करून हं, चालू असताना नको) आणि तोच सीन परत बघा. खोली एकदम आक्रसल्यासारखी वाटेल. माझ्याकडे एका पाहुण्याला हे करून दाखवलं तर तो म्हणाला "टीव्ही लहान झाला का?"

बरेच जण इथे वैतागून "ऑल चॅनल स्टीरिओ" लावतात, मग मागूनही गाणी आणि डायलॉग यायला लागतात आणि वाटतं हं, आता वसूल झालं. घरात पार्टी असेल तेव्हा ठीक, सिनेमाला नको, पडद्यावरचा माणूस तुमच्या पाठीमागून बोलतो ते बघवत नाही.

प्रश्न: समोरचे तीन चांगल्यापैकी घेतलेत, आता बजेट आटलंय. सराउंडला कितपत स्वस्तात भागेल?

उत्तर: बऱ्यापैकी भागेल. रिसीव्हरमध्ये सराउंड "स्मॉल" करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला ठेवलात की खालचा सगळा बास सबवूफरकडे जातो, मग सराउंडला मोठा वूफर हवाच कशाला, चार-पाच इंची पुष्कळ झाला. शक्यतो समोरच्यांच्याच कंपनीचे, त्याच मालिकेतले छोटे घ्या, म्हणजे गाडी समोरून बाजूला गेली की तिच्या इंजिनाचा आवाज मधेच बदलत नाही. तसे नाही मिळाले तर निदान ट्वीटर त्याच जातीचा बघा. डब्यावरच्या मोठमोठ्या वॉटच्या आकड्यांकडे बघू नका, सेन्सिटिव्हिटी बघा, ती ३ डेसिबल जास्त असेल तर तेवढाच आवाज निम्म्या पॉवरमध्ये निघतो. आणि घ्यायच्या आधी स्पीकरच्या पाठीवर भिंतीला अडकवायची सोय आहे का ते हात लावून बघा, लोक हे विसरतात आणि मग कपाटावर आडवा ठेवलेला सराउंड वर्षभर तसाच पडलेला असतो.

प्रश्न: घरात दोन ब्लूटूथ स्पीकर पडून आहेत, तेच सराउंड म्हणून चालतील का? वायर ओढायचा कंटाळा.

उत्तर: नाही. ब्लूटूथमध्ये आवाज सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे पडतो, आणि आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर चालतो, म्हणजे दीडशे मिलिसेकंद म्हणजे तुमचा सराउंड ५० मीटर लांब कुठेतरी मैदानात ठेवल्यासारखं झालं. सिस्टिमच्याच सोबत येणारे वायरलेस सराउंड वेगळे, त्यांचं वेळेचं गणित कंपनीने जुळवलेलं असतं. पण त्यांनाही प्रत्येकी एक प्लग पॉइंट लागतो, तेव्हा वायर सुटत नाहीच, फक्त बदलते. साधी दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर भिंतीच्या कडेने पट्टीतून न्या, १० मीटरच्या लांबीला काही फरक पडत नाही.

प्रश्न: रिसीव्हर ७ चॅनलचा आहे. ७.१ करू की ५.१.२ (शेवटचे दोन छतातले)?

उत्तर: सोफ्यामागे मीटरभर तरी मोकळं आहे का? नसेल तर ७.१ चा विचार सोडा, कारण मागचे दोन १३५ ते १५० डिग्रीवर लागतात आणि भिंत डोक्याला टेकलेली असताना ते बाजूच्या दोघांना जाऊन चिकटतात, फरकच कळत नाही. अशा वेळी ५.१.२ डोळे झाकून. छतातले दोन तुमच्या डोक्याच्या किंचित पुढे घ्या. छत फोडायचं नसेल तर वर तोंड करून आवाज उडवणारे स्पीकर मिळतात, पण त्यांना छत सपाट, टणक आणि फार उंच नसलेलं लागतं, डॉल्बीच्या हिशोबात साधारण सव्वादोन ते सव्वाचार मीटर. उतरतं लाकडी छत किंवा खाचाखोचांचं फॉल्स सीलिंग असेल तर पैसे घालू नका, आवाज परत येतच नाही नीट.

हो, आणि ५.१ लावताना स्पीकर रिसीव्हरच्या "सराउंड" टर्मिनलला जोडा, "सराउंड बॅक"ला नाही. मागे आहेत म्हणून बॅकला जोडले असं सांगणारे तिघं जण या वेळी भेटले.

प्रश्न: उजवीकडे भिंतच नाही, मोकळा पॅसेज आहे. मग उजवा सराउंड?

उत्तर: स्टँडवर. दोन्हीकडचा कोन सारखा ठेवा, अंतर कमी-जास्त झालं तर रिसीव्हर डिलेने सांभाळून घेतो, फक्त सेटिंगमध्ये दोन्हींचं अंतर टेपने मोजून खरं खरं भरा. ऑटो सेटअपचा माइक वापरत असाल तर तो कानाच्या उंचीवर ट्रायपॉडवर, सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका. सबवूफरचं अंतर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवेल, ते मात्र तसंच राहू द्या, त्याच्या आतल्या फिल्टरचा उशीर त्यात धरलेला असतो.

प्रश्न: सगळं तुम्ही सांगता तसं केलंय, कोन, उंची, लेव्हल, सगळं. तरी सराउंडचा आवाज पोकळ वाटतो, जागेवर बसत नाही, डोकं हलवलं की कसंतरीच होतं.

उत्तर: हे वाचून मला माझंच आठवलं. माझी वायर अशी होती की दोन तारांपैकी एकीवर अगदी बारीक रेघ, ती रेघवाली मी रिसीव्हरला प्लसला लावली आणि संध्याकाळच्या उजेडात शिडीवर चढून डाव्या स्पीकरला मायनसला. चार महिने मी पडदे बदलले, गालिचा टाकला, सोफा इकडेतिकडे केला, माइक लावून तीनदा कॅलिब्रेशन केलं, आणि रिसीव्हर दर वेळी "फेज तपासा" असं सांगत होता ते मी स्किप करत होतो, कारण मला खात्री होती ना!

एक स्पीकर उलटा जोडला गेला की एकाचा पडदा (वूफरचा पुढे-मागे हलणारा गोल भाग) बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो, दोघांचे खालचे सूर एकमेकांना मारतात आणि आवाज पोकळ होतो, अगदी तुम्ही लिहिलंय तसा. तपासायला साधा दीड व्होल्टचा सेल घ्या. रिसीव्हर बंद करून सराउंडच्या वायरी त्यातून काढा, स्पीकरची जाळी काढा, आणि जी तार तुम्ही प्लसला लावत होतात ती सेलच्या प्लसला, दुसरी मायनसला क्षणभर टेकवा. कुणाला तरी वूफरकडे बघत उभं करा. टक् असा आवाज येऊन पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर त्या स्पीकरवरच्या तारा उलट करा. दोन्ही बाजूंना करा, मग वायरी परत लावून तोच पावसाचा सीन लावून बघा.